एका मिनिटाचा चित्रपट : विद्यार्थ्यांच्या ॲनिमेशनपटातील प्रसंगाची आखणी व संकलन

नवी मुंबईतील सीवूड्स स्थानकावर उतरून खाडीच्या दिशेने चालू लागले, म्हणजे उंच इमारतींची रांग संपताच एकाएकी मोकळे आकाश, कांदळवन आणि उथळ पाणथळ जागा दृष्टीस पडतात. दारावे व करावे ही जुनी आगरी-कोळी गावे याच परिसरातील. साधारणतः नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत येथे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे लोक ज्यांस फ्लेमिंगो या नावाने ओळखतात त्यांचे, थवे येतात. ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेथे ते चरतात. भरतीचे पाणी चढू लागले, की ते खाडी सोडून किनाऱ्यालगतच्या पाणथळांवर विसाव्यास येतात. डीपीएस तलाव या नावाने ओळखला जाणारा सीवूड्सचा तलाव हे असेच एक विसाव्याचे ठिकाण आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात या तलावाच्या परिसरात काही रोहित पक्षी मृत व जखमी स्थितीत आढळले, आणि भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे तलाव कोरडा पडत चालला आहे, अशा तक्रारी नागरिकांनी केल्या.

या परिसरातील एखाद्या शाळेच्या सातवीच्या वर्गाने या पक्ष्यांवर चार मिनिटांचा ॲनिमेशनपट करावयाचे ठरविले आहे, असे प्रस्तुत पाठापुरते धरून चालावे. त्यातील एका मिनिटाचा एकच प्रसंग येथे घेतला आहे : भरती येते, थवा खाडीतून उठून तलावाकडे जातो, आणि तलावात पाणी नसते. हा एक मिनिट नीट आखता व नीट कापता आला, तर उरलेली तीन मिनिटे मुलांस आपोआप साधतात. उलट, चार मिनिटे एकदम हाती घेणारा वर्ग बहुधा पहिल्या मिनिटाच्या अलीकडेच थकतो.

शहरातील शाळेचे हे उदाहरण खेड्यातील शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण इतकेच, की यासाठी लागणारे साहित्य खेड्यात अधिक सहज मिळते : माती, पाने, शिंपले, पाठकोरे कागद, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच दिसणारा पशुपक्षी. जेथे खाडी नाही तेथे पाझर तलाव आहे; जेथे रोहित नाही तेथे बगळा व टिटवी आहेत. एक साधा मोबाईल दूरध्वनी मात्र हवा, आणि तो आज बहुतेक शाळांत कोणाकडे ना कोणाकडे असतोच.

ही कला परकी नव्हे

स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने दाखविली, की डोळ्यांस हालचालीचा भास होतो, हे या कलेचे मूळ. ती मुलांस सांगताना परदेशातील नावांपासूनच प्रारंभ करण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातीलच कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ दाखविले. काचा एकमेकींवर सरकवून व बदलून पडद्यावरील चित्रांस ते हालचाल देत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन, ते रोप प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वाढताना दाखविले होते; पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी आगपेटीतील काड्यांस नाचविले. एका रोपावर आणि काड्यांच्या पेटीवर जे झाले, ते वर्गात होणार नाही असे म्हणता येत नाही.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टूनपट विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. डिस्नेच्या संस्थेतील क्लेअर वीक्स हे तेथे शिकविण्यास आले होते, आणि जातककथेवरील 'द बन्यन डीअर' हा लघुपट १९५७ मध्ये तयार झाला. राम मोहन यांनी आपल्या दीर्घ कारकिर्दीचा प्रारंभ याच विभागात केला. शिक्षकांस अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण मात्र १९७४ च्या 'एक, अनेक और एकता' या लघुपटाचे आहे. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या आणि आयुष्यभर शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या. ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत कोकणातील वसंत देसाई यांचे. सुमारे सात मिनिटांच्या त्या चित्रपटात पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम उडून जाळेच घेऊन जातात, हा प्रसंग मुलांस दाखवून एकच प्रश्न विचारावा : पक्षी जाळ्यात सापडले हे कळण्यास किती चित्रे पुरली? मोजू लागल्यावर मुलांच्या लक्षात येते, की त्यांना वाटले होते त्याहून ती फार थोडी होती.

प्रसंग म्हणजे काय

चित्रपटातील सर्वांत लहान तुकडा म्हणजे शॉट. कॅमेरा एका जागी ठेवून जेवढे अखंड दिसते तेवढा एक शॉट. असे काही शॉट एका प्रश्नाभोवती गुंफले, की प्रसंग होतो. व्याख्या पाठ करवून घेण्यापेक्षा वर्गाकडून दोन वाक्ये फळ्यावर लिहवून घ्यावीत : प्रसंगाच्या आरंभी काय आहे, आणि शेवटी काय बदलले आहे. येथे पहिले वाक्य असे होईल : थव्याला उभे राहण्यास जागा आहे. दुसरे : थव्याला उभे राहण्यास जागा नाही. या दोहोंमध्ये जे येत नाही, ते कितीही सुंदर असले तरी या प्रसंगाचे नाही. ही दोन वाक्ये काम संपेपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात पुसू न देता ठेवावीत. पुढे जो तंटा होईल (तो होतोच), त्याचा निवाडा त्यांच्यावरून करावयाचा आहे.

त्यानंतर निरीक्षण. ते न करता चित्रे काढावयास बसविले, तर मुले पाठ्यपुस्तकातील बदक लांब पायांवर उभे करतात. रोहित पक्षी चोच उलटी करून, डोके खाली घालून खातो. पाणी चोचीतून गाळून धाकटा रोहित सूक्ष्म शैवाल घेतो, तर मोठा रोहित बारीक जलचर टिपतो. त्याच्या पायाच्या मध्यावर मागे वळणारा जो सांधा दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे एक कळले, की चालीचे चित्र एकदम सुधारते. उडण्यापूर्वी तो पाण्यावरून काही पावले धावतो, आणि उडताना मान व पाय दोन्ही सरळ ताणलेले असतात. बगळा मान आखडून उडतो. हा भेद मुलांनी स्वतः पाहून सांगितला तर उत्तम. पिलांचा व लहान पक्ष्यांचा रंग करडा असतो, गुलाबी नसतो. थव्यात दोनचार करडे पक्षी काढण्यास सांगितले, तर रंगही वाचतो आणि चित्रही खरे होते.

भरतीचाही असाच अभ्यास व्हावा. दिवसाकाठी दोन भरत्या येतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे भूगोलात शिकविलेले असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग कोळ्याच्या घरातील मूल शिक्षकापेक्षा अधिक जाणते. त्या मुलाला या दिवशी पुढे बोलवावे. समवाय पद्धतीविषयी प्रशिक्षण विद्यालयात जे शिकविले गेले, त्याला याहून चांगला प्रसंग क्वचित मिळेल.

आखणी

सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांची चित्रकथी शिक्षकांनी ऐकली असेल. चित्रांची एक पोथी असते. कलावंत एक चित्र समोर धरतो, त्याविषयी गातो-सांगतो, आणि कथा पुढे सरकली की पुढील चित्र वर आणतो. ॲनिमेशनपटाची आखणी नेमकी हीच आहे. जाणकार तिला स्टोरीबोर्ड म्हणतात. वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या कागदावर प्रत्येक शॉटचे एक साधे चित्र काढावे. खाली शॉटचा क्रमांक, किती सेकंद, आणि ऐकू काय येते हे लिहावे. चित्र देखणे असण्याची गरज नाही. किंबहुना फार देखणे असू नये, कारण ते फाडून टाकावयास मन धजत नाही.

उदाहरणादाखल घेतलेल्या प्रसंगाचे ११ शॉट पुढीलप्रमाणे होतील. पहिला, खाडीचे विस्तीर्ण चित्र, दूरवर गुलाबी ठिपके, पाण्याची रेघ पुढे येते : ८ सेकंद. दुसरा, केवळ पाय, पाणी घोट्यापर्यंत चढते : ४. तिसरा, एक पक्षी डोके वर काढतो : ३. चौथा, थवा धावतो व उठतो : ६. पाचवा, इमारतींपुढून डावीकडून उजवीकडे उडणारा थवा : ६. सहावा, वरून दिसणारा तलाव, भेगाळलेला, तपकिरी : ४. सातवा, पक्ष्याचा डोळा : २. आठवा, थवा तलावावर घिरट्या घालतो : ८. नववा, एक पाय कोरड्या चिखलावर टेकतो : ४. दहावा, विस्तीर्ण तलाव आणि त्यात उभा एकच पक्षी : ७. अकरावा, थवा उजवीकडून डावीकडे परत निघतो : ८. एकूण ६०.

यातील दिशेकडे विशेष लक्ष द्यावे. खाडीकडून तलावाकडे जाताना थवा डावीकडून उजवीकडे उडतो, असे एकदा ठरले की ते पाळावयास हवे. मधल्या एखाद्या शॉटमध्ये कोणी हौसेने पक्षी उलट्या दिशेस तोंड करून काढले, तर पाहणाऱ्यास वाटते की ते परत फिरले. नवशिक्यांच्या चित्रपटांत हा दोष फार आढळतो, आणि शोधण्यास अवघड जातो, कारण प्रत्येक चित्र सुटे पाहिले असता निर्दोष असते. हाच नियम शेवटी उपयोगीही पडतो. अकराव्या शॉटमध्ये थवा मुद्दाम उजवीकडून डावीकडे जातो; एक शब्द न बोलता प्रेक्षकास कळते, की पक्षी खाडीकडे परतत आहेत. आणि खाडीत तर भरती आहे, हे पहिल्या शॉटमध्ये दाखविलेले असते. प्रसंगाचे सारे दुःख या एका दिशाबदलात आहे.

आता गणिताचा भाग. शालेय कामास सेकंदाला १२ चित्रे पुरतात. व्यवसायातील चित्रपटांत सेकंदाला २४ असतात. ६० सेकंदांस ७२० चित्रे होतात, आणि हा आकडा फळ्यावर लिहिताच वर्गात शांतता पसरते. मग काटकसर शिकवावी. पाचवा, आठवा व अकरावा हे तीन उडण्याचे शॉट मिळून २२ सेकंदांचे, म्हणजे २६४ चित्रांचे आहेत. परंतु पंख वर-खाली होण्याची ६ चित्रे एकदा काढून कापली, की तीच पुन्हापुन्हा मांडता येतात. पाचव्या शॉटमध्ये तर पक्षी जागच्या जागी ठेवून त्यांच्यामागील इमारतींची कागदी पट्टी उलट दिशेने ओढावी. प्रत्येक चित्रास ५ मिलिमीटर पट्टी सरकविली, तर ६ सेकंदांच्या ७२ चित्रांस ३६ सेंटिमीटर पट्टी लागते. चौकटीच्या रुंदीपेक्षा पट्टी तेवढी अधिक लांब हवी. हे उदाहरण मुलांनीच सोडवावे. सातव्या शॉटला दोन चित्रे पुरतात : उघडा डोळा आणि मिटलेला डोळा.

सेकंदांचे आकडे कागदावर मांडणे सोपे, जाणवणे कठीण. मुलांनी डोळे मिटावेत आणि १० सेकंद झाले असे वाटताच हात वर करावा, असा खेळ आधी घ्यावा. बहुतेक हात बरेच आधी वर येतात. यानंतर स्टोरीबोर्डची चित्रे दोरीवर क्रमाने टांगून एका मुलाने सेकंदकाट्याच्या घड्याळावर अंक मोजावेत, दुसऱ्याने तेवढाच वेळ तेवढेच चित्र समोर धरावे, आणि इतरांनी तोंडाने पाण्याचा, पंखांचा आवाज काढावा. मोबाईलवर तीच चित्रे ठरलेल्या वेळाने जोडून घेतली, तर त्यास ॲनिमॅटिक म्हणतात. चित्रे काढण्यापूर्वी हा कच्चा खेळ किमान तीनदा, आणि वर्गाबाहेरील कोणासमोर तरी एकदा व्हावा. छायाचित्रित चित्रपटात आधी भरपूर चित्रण करून मागाहून कापता येते. ॲनिमेशनमध्ये प्रत्येक सेकंद हातांनी करावा लागतो, म्हणून कात्री आधी चालवावयाची असते. या कलेत संकलन हे पुष्कळ अंशी आखणीतच उरकते.

प्रत्यक्ष चित्रणाविषयी थोडक्यात. दोन बाकांवर फळी आडवी टाकून तिच्या भोकावर मोबाईल पालथा ठेवावा, म्हणजे तो हलत नाही. कागदांस एकाच मापाची दोन छिद्रे पाडून ते दोन खिळ्यांवर बसवावेत, म्हणजे चित्रे थरथरत नाहीत. उन्हाच्या खिडकीजवळ काम करू नये. ढग आला की चित्रपट मध्येच काळवंडतो. खोली अंधारी करून एकच दिवा ठेवावा आणि मोबाईलचा प्रकाश व केंद्र स्थिर करण्याची सोय असल्यास ती वापरावी. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर, शॉटचा व चित्राचा क्रमांक घालावा. हे न केल्यास वाऱ्याची एक झुळूक आठवड्याचे काम उडविते.

खेकडा

आखणी इतकी चोख असूनही संकलनाच्या वेळी जो पेच उभा राहतो, तो बहुधा चित्रांचा नसून मुलांचा असतो. समजा, वर्गातील एका अबोल मुलाने, आखणीत नसताना, पाणी येताच बिळात शिरणाऱ्या खेकड्याची ३० चित्रे सहा दिवस बसून काढली. प्रत्येक चित्र दोनदा टिपले, की १२ च्या हिशेबाने त्याचे ५ सेकंद होतात. खेकडा फार सुरेख उतरला आहे. तो थांबतो, नांगी उचलतो, आणि आडवा धावत बिळात जातो. सारा वर्ग टाळ्या वाजवितो. पहिल्या व दुसऱ्या शॉटच्या मध्ये तो घातला जातो, आणि पूर्ण प्रसंग दाखविल्यावर पाहणारे विचारतात, 'त्या खेकड्याचे पुढे काय झाले?' पक्ष्यांविषयी कोणीच विचारीत नाही.

येथे शिक्षकाची खरी परीक्षा आहे. मुलाचे मन राखण्यासाठी खेकडा ठेवावा, असे पुष्कळांस वाटेल. परंतु तसे केल्याने उरलेल्या ३० मुलांचे काम बिघडते, आणि त्या एका मुलासही असे शिकविले जाते, की श्रम केले म्हणजे जागा मिळालीच पाहिजे. दुसरा, याहून वाईट मार्ग म्हणजे शाळा सुटल्यावर शिक्षकाने गुपचूप तो भाग काढून टाकणे. दुसऱ्या दिवशी पडद्यावर खेकडा न दिसताच त्या मुलाचा चेहरा जसा होईल, तो पुढे वर्षभर चित्रकलेच्या तासाला तसाच राहण्याचा संभव असतो.

योग्य मार्ग लांबचा आहे. प्रसंग दोनदा दाखवावा, एकदा खेकड्यासह, एकदा त्याच्यावाचून; आणि दोन्ही वेळा त्या मुलास कॅमेऱ्याजवळ नव्हे, तर प्रेक्षकांत बसवावे. मग फळ्यावरील ती दोन वाक्ये त्याच्याकडूनच वाचून घ्यावीत. 'उभे राहण्यास जागा आहे' आणि 'जागा नाही' यांमध्ये खेकडा काय करतो, हे त्याने सांगावे. सांगता आले तर शॉट राहील. न आले, तर चार मिनिटांच्या चित्रपटात खेकड्याची जागा दुसरीकडे आहे का, हे सर्वांनी शोधावे. आरंभी, ओहोटीचा चिखल दाखविताना, तो बिळातून बाहेर येऊ शकतो. तीच ३० चित्रे उलट क्रमाने लावली, की काम झाले. मात्र ही युक्ती शिक्षकाने आधीच सुचवू नये. सांत्वन म्हणून दिलेली जागा मुलांस ओळखू येते.

यात चूक झाली असेल तर ती मुलाची नव्हे. तो सहा दिवस आखणीबाहेरचे काम करीत असताना शिक्षकाने कौतुकाने पाहिले व काही म्हटले नाही. तिसऱ्याच दिवशी ती चित्रे दोरीवर टांगून पाहिली असती, तर निम्मी चित्रे वाचली असती.

डोळा आणि तलाव

संकलनाचे सामर्थ्य मुलांस दाखविण्यास एक सोपा प्रयोग आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास एका नटाचा एकच भावहीन चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी जोडून दाखविला. जेवणाच्या ताटाशेजारी तो भुकेला वाटला, शवपेटीशेजारी शोकाकुल. वर्गात सातव्या शॉटचे, पक्ष्याच्या डोळ्याचे, चित्र घ्यावे. त्याच्या आधी पाण्याने भरलेला तलाव दाखवावा आणि पक्ष्याला काय वाटते, ते मुलांस लिहावयास सांगावे. मग तोच डोळा कोरड्या तलावानंतर दाखवावा, आणि शेवटी शिकारी कुत्र्यानंतर. उत्तरे वेगवेगळी येतील, डोळ्यातील एक रेघही बदललेली नसताना. त्यानंतर डोळ्यात अश्रू काढण्याचा आग्रह मुले आपण होऊन सोडतात. पक्ष्यास माणसासारखे रडविणे हा तसाही सोपा व खोटा मार्ग आहे.

याच ठिकाणी आणखी एक अवघड प्रश्न येतो. सीवूड्सच्या मुलांनी २०२४ च्या बातम्या ऐकलेल्या असतात. काहींनी मेलेला पक्षी प्रत्यक्ष पाहिलेलाही असेल. तो दाखवावा, असे ती म्हणतील. त्यास एकदम नकार देऊ नये. मुलांनी जे पाहिले ते पाहिलेच नाही असे भासविणे शाळेस शोभत नाही. परंतु दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवाव्यात. पहिली सत्याची. तलाव कोरडा होता आणि पक्षी मेले, या दोन गोष्टी आहेत. एकीमुळे दुसरी झाली, असे चित्रपटात म्हणावयाचे, तर ते माहीत असावयास हवे. दोन शॉट एकमेकांस जोडताच प्रेक्षक त्यांत कार्यकारणभाव वाचतो, हे डोळ्याच्या प्रयोगात त्यांनी नुकतेच अनुभवलेले असते. कात्रीने खोटे बोलता येते, आणि बोलल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी गोष्ट प्रसंगाच्या शेवटाची. मेलेला पक्षी दाखविला की प्रश्न संपतो. थवा परत निघालेला दाखविला, तर पाहणारा घरी जाताना विचारीत राहतो, की तो आता कोठे उतरेल? वर्गाने यावर मत द्यावे, आणि जे ठरेल ते मानावे.

आवाजाचाही निर्णय येथेच घ्यावा. पहिल्या पाच शॉटमध्ये पाण्याचा व पंखांचा आवाज असेल, तर सहाव्या शॉटला, कोरडा तलाव दिसताक्षणी, तो पूर्ण थांबवावा. संगीत घालण्याची घाई करू नये. बहुतेक शालेय चित्रपटांत अखंड वाजणारे वाद्य असते, आणि त्यामुळे कोणताच शॉट दुसऱ्याहून वेगळा वाटत नाही.

आठवा शॉट बहुधा लांबलेला आढळेल. तीच सहा चित्रे आठ सेकंद फिरताना डोळा कंटाळतो, कारण पाचव्या सेकंदापर्यंत कळावयाचे ते कळून गेलेले असते. तेथील ३ सेकंद काढून दहाव्या शॉटला द्यावेत; त्याचे १० होतील व बेरीज ६० च राहील. दहाव्यात काहीच घडत नाही, एकच पक्षी उभा आहे, मग तो लांबवावयाचा कशासाठी, असे मुले विचारतील. त्यांना दोन्ही प्रकार दाखवावेत. घिरट्यांनंतरची स्तब्धता जितकी टिकते तितका तलाव मोठा व रिकामा वाटू लागतो. परंतु त्या स्तब्धतेत एखादे पीस किंचित हलत ठेवावे, नाही तर मोबाईल अडकला, असे प्रेक्षकांस वाटते.

तयार झालेला प्रसंग पालकसभेत दाखविताना प्रकाशयंत्र नसले तरी अडत नाही. मोबाईल हातोहात फिरवावा, अथवा मुले लहान गटांनी पाहतील अशी सोय करावी. शाळेतील कौतुकापेक्षा या सभेतील शंका अधिक मोलाच्या असतात. करावे गावातील एखादा वृद्ध मच्छीमार पहिला शॉट पाहून सांगेल, की पाणी असे पडदा ओढल्यासारखे सरळ रेघेत येत नाही. ते आधी चिखलातील नाळांतून आत शिरते, नाळा भरतात, आणि मग ते दोन्ही बाजूंनी पसरते. तसे असल्यास पहिला शॉट पुन्हा करावयास हवा. तो ८ सेकंदांचा आहे. ९६ चित्रे नव्याने टिपावी लागतील, आणि निळा कागद आता पट्टीसारखा नव्हे तर वेड्यावाकड्या फाट्यांसारखा कापावा लागेल. कापण्यापूर्वी मुलांना ओहोटी संपण्याच्या वेळी काठावर न्यावे, मोठे माणूस बरोबर घेऊन आणि चिखलात न उतरता. त्या दिवशीच्या भरतीची वेळ त्याच मच्छीमारास विचारून घ्यावी.